जवळजवळ सगळी बिलं परत आली

सोमवार, १ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मोठं काम मिळालं की माणसानं नोंद ठेवावी. पुढे लोक विचारतात, कसं केलंत म्हणून.

काम मिळालं. हाजी शौकींचं औषधांचं गोदाम, मुहर्रम बेक मोहल्ल्यातलं. शहराच्या एका टोकाच्या बहरीपासून पार दुसऱ्या टोकाच्या अगमीपर्यंतच्या फार्मसींना माल इथून जातो. बिलं, स्टॉक, सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. हाजींनी मला चारचौघांत ‘इंजिनियरसाहेब’ म्हटलं. मी कॉमर्सचा आहे, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

घरी इब्तिसामला सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. म्हणाली, छान. मग पेपरातून मान वर न करता म्हणाली, रऊफला विचारलंस का, कसं करायचं ते? रऊफ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आमच्या दोन माणसांच्या कंपनीतला दुसरा माणूस. पहिला मी.

संकल्प: रऊफशी वाद घालायचा नाही. शांतपणे समजावून द्यायचं.

गुरुवार, ४ सप्टेंबर
रऊफशी चर्चा झाली. म्हणजे तो बोलला, मी ऐकून घेतलं, मग मी निर्णय सांगितला.

त्याचं म्हणणं, रिलेशनल डेटाबेस घेऊ. फार्मसी एका तक्त्यात, औषधं दुसऱ्यात, बिलं तिसऱ्यात, आणि तिघांची एकमेकांशी नाती बांधलेली. उद्या कोणी काहीही विचारलं तर एक ओळ लिहायची, उत्तर हजर. मध्येच लाइट गेले तर अर्धवट लिहिलेलं तो स्वतःच मागे घेतो. दोघं एकदम एकाच गोष्टीला हात घालायला लागले तर एकाला थांबवतो.

हे सगळं त्यानं कुठेतरी वाचलंय.

माझं म्हणणं, माझ्याकडे रेकॉर्ड मॅनेजर आहे. साधा, सडसडीत. बिलाचा नंबर द्या, बिल हातात. फार्मसीचं नाव द्या, फार्मसी हातात. बास. त्याच्याभोवती इतकी वर्षं खपून मी जे बांधलंय त्याला मी ‘बर्क’ म्हणतो. बर्क म्हणजे वीज. चमकली की काम झालं. मूळ रेकॉर्ड मॅनेजरमध्ये ते थांबवणं-बिंबवणं होतं, पण त्यानं वेग कमी होतो म्हणून मी ते काढून टाकलं. हे रऊफला माहीत नाही. गरज नाही.

रऊफ म्हणाला, दाजी, हाजी शौकी रोज उठून नवीन काहीतरी विचारतील, तेव्हा काय करणार?

मी म्हटलं, अजून कोणी विचारलेच नाहीत अशा प्रश्नांच्या उत्तरांवर आज कशाला खर्च करायचा?

वाक्य चांगलं जमलं होतं.

रविवार, १४ सप्टेंबर
गोदामात दोघांची परीक्षा झाली. हाजी म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, दोघं आपापलं दाखवा.

रऊफनं नमुन्याच्या बिलांवर प्रश्न विचारून दाखवले. कुठली फार्मसी कुठलं औषध जास्त घेते, वगैरे. मशीन विचार करत बसलं. हाजींचा चहा संपला.

मग मी. बिलाचा नंबर टाकला. बोट उचलायच्या आत बिल पडद्यावर. पुन्हा टाकला. पुन्हा. हाजींनी टाळी वाजवली आणि आपल्या हिशेबनीस मादाम ऐदांना हाक मारून म्हणाले, या, या, गंमत बघा.

मादाम ऐदांनी बघितलं. बावीस वर्षं त्या इथे आहेत. त्यांनी विचारलं, आणि नंबर माहीत नसेल तर?

मी हसलो. हाजीही हसले. ठरलं. बर्क.

परतताना रऊफ बसमध्ये माझ्या शेजारी न बसता पुढे जाऊन उभा राहिला. तरुण आहे. निवळेल.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
आजपासून बर्क सुरू. पहिलं बिल माझ्या हस्ते.

कार्बन कॉपी बंद करायला सांगितल्या. मादाम ऐदा म्हणाल्या, काही दिवस राहू देत की, साहेब. मी म्हटलं, मादाम, एक पाय कागदात आणि एक कॉम्प्युटरमध्ये ठेवून चालता येत नाही. त्यांनी कार्बनचे गठ्ठे कपाटात टाकले आणि किल्ली जरा जोरात फिरवली.

सोमवार, २० ऑक्टोबर
शनिवारी मादाम ऐदांनी विचारलं, सीदी गाबरच्या फार्मसीनं गेल्या आठवड्यात इन्सुलिन किती नेलं? मी म्हटलं, असं बघता येत नाही. बिलाचा नंबर सांगा. त्या म्हणाल्या, नंबर माहीत असता तर बिलच काढून बघितलं नसतं का?

प्रोग्राम लिहायला लागला. दोन दिवस गेले. उत्तर बरोबर आलं. तोपर्यंत त्यांनी फार्मसीला फोन करून विचारून घेतलं होतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर
हाजींना मुदत संपत आलेली औषधं बघायची आहेत. नवा प्रोग्राम. त्यासाठी नवा इंडेक्सही. म्हणजे वहीच्या शेवटी आणखी एक सूची जोडल्यासारखं. आता प्रत्येक बिलाबरोबर पाच सूच्या लिहाव्या लागतात. बर्क किंचित मंद झालीय. डोळ्यांना कळत नाही. मादाम ऐदांना कळतं.

रऊफ शेजारच्या टेबलावरून म्हणाला, दाजी, तुम्ही एकेक वीट करून तेच घर बांधताय. मी त्याला कामाचं बघ म्हटलं. तो म्हणाला, कामाचंच बघतोय.

सोमवार, ३ नोव्हेंबर
किरकोळ घटना. मादाम ऐदा आणि दुसरा क्लार्क सबरी, दोघांनी एकाच वेळी शेवटच्या वीस पेट्या दोन फार्मसींना विकल्या. दोन्ही बिलं झाली. पेट्या वीसच. दोन्ही फार्मसीवाले गोदामात येऊन भांडले.

उपाय निघाला. मन्शियाच्या बाजारातून हॉटेलच्या काउंटरवर असते तसली एक घंटी आणली. ज्याला बिल सेव्ह करायचं त्यानं घंटी वाजवायची. घंटी वाजली की दुसऱ्यानं हात वर करायचे. यालाच मोठ्या डेटाबेसमध्ये लॉकिंग म्हणतात. तिथे त्याचे भरपूर पैसे घेतात.

रऊफला सांगितलं. तो बराच वेळ खिडकीतून ट्राम बघत होता. खांदे हलत होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सबरी उगीचच घंटी वाजवतो आणि मादाम ऐदांना हात वर करायला लावतो. मादाम ऐदांनी घंटी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आता सबरीला बिल सेव्ह करायचं असलं की त्यांची परवानगी मागावी लागते. शिस्त आली.

रविवार, १६ नोव्हेंबर
झाडणी आली. दरवर्षी याच सुमाराला हे वादळ समुद्रावरून येतं आणि रस्ते झाडून नेतं, म्हणून नाव झाडणी. दुपारी बिलांची गर्दी असताना मुहर्रम बेकचे लाइट गेले. आले. गेले. आले.

मशीन चालू केलं. बर्क बिलं दाखवेना. मी नंबर टाकला, तिनं भलत्याच फार्मसीचं नाव दिलं. दुसरा टाकला, काहीच नाही.

म्हणजे सूच्या तुटल्या. बिलं आत असणार. जाणार कुठे?

हाजींना म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत. ते म्हणाले, तुमच्यावर सोडलं, इंजिनियरसाहेब.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
दुरुस्ती झाली. जवळजवळ सगळी बिलं परत आली.

फाइलीतल्या नोव्हेंबरच्या काही पानांवर जे होतं ते वाचता येत नाही, ती दुरुस्तीच्या प्रोग्रामनं वगळली. किती, ते नेमकं सांगणं कठीण. बिलांच्या यादीत मध्येच नंबर गळलेले दिसत होते. बघणाऱ्याला उगीच शंका येते. म्हणून यादीत नंबर छापायचंच बंद केलं. यादी सुटसुटीत झाली.

हाजींनी विचारलं, सगळं आलं? मी म्हटलं, सगळं आलं. तत्त्वतः ते खरं आहे. व्यवसायात असं बोलावं लागतं. डॉक्टरही बोलतात.

घरी इब्तिसामनंही तेच विचारलं. तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, मग तू जेवत का नाहीयेस? म्हटलं, थकलोय.

शुक्रवार, ५ डिसेंबर
सासूबाईंकडे जेवण. मुलूखियाची पातळ भाजी आणि ससा. सासूबाईंच्या हातचा ससा म्हणजे काय सांगायचं.

जेवता जेवता कळलं की रऊफ घरी बसून, स्वतःच्या मशीनवर, हाजींच्या गोदामासाठी रिलेशनल डेटाबेस बांधतोय. मला न सांगता. मी घास खाली ठेवला. म्हटलं, हे पाठीत वार करणं आहे. तो म्हणाला, दाजी, तुम्हालाच देणार होतो. तुमच्या नावानं हाजींना द्या, मला नाव नको. फक्त झाडणीत गेलेली बिलं कुठली ते मला सांगा.

मी म्हटलं, काही गेलेलं नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी रश्श्याकडे. सासूबाई म्हणाल्या, अरे जेवा, कॉम्प्युटर काय पळून जातोय का.

येताना इब्तिसाम म्हणाली, तो आपल्या भल्यासाठी करतोय. मी म्हटलं, तुझा भाऊ आहे म्हणून तुला तसं वाटतं. ती म्हणाली, तू माझा नवरा आहेस म्हणून तुला मी हे सांगतेय. यावर मला उत्तर सुचलं ते ट्राममधून उतरल्यावर. तोपर्यंत ती पुढे निघून गेली होती.

बुधवार, ३१ डिसेंबर
आजपासून रोजे. संकल्प: या महिन्यात कोणावर चिडायचं नाही. रऊफला मोठ्या मनानं माफ केलं. त्याला तसं कळवलं. त्यानं विचारलं, कशाबद्दल?

रविवार, १८ जानेवारी
महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी हाजींचा फोन. आवाज वेगळा. लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपचा एक लॉट खराब निघालाय. कारखान्यात चूक झाली, औषध दुप्पट कडक पडलंय. चमचाभर दिलं तरी लहान मूल गुंगीत जाईल. त्या लॉटच्या सगळ्या बाटल्या आजच्या आज परत आणायच्या. हाजींनी विचारलं, तो लॉट आपण कुठल्या कुठल्या फार्मसीला दिला?

मी गेलो. बिलात लॉट नंबर असतो, पण त्यावर सूची नाही. असा प्रश्न कधी कोणी विचारलाच नव्हता. म्हटलं, पहिल्या बिलापासून शेवटच्या बिलापर्यंत एकेक उघडून बघणारा प्रोग्राम लिहितो. लिहिला. घाम आला, पण लिहिला. दुपारच्या अजानच्या सुमाराला यादी छापून निघाली. चाळीसेक फार्मसी.

मादाम ऐदा म्हणाल्या, यादी राहू देत. आपण गिऱ्हाईक असलेल्या प्रत्येक फार्मसीला फोन करू. माझ्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत, चौघं बसलो तर इफ्तारपर्यंत होतील. मी म्हटलं, मादाम, ज्यांच्याकडे तो लॉट गेलाच नाही त्यांना घाबरवायचं कशाला? कॉम्प्युटर कशासाठी घेतला? त्या म्हणाल्या, मग माझ्या कार्बन कॉपी दाखवा, त्यात बघते. आणि मग स्वतःच म्हणाल्या, नाही, त्या तर तुम्ही बंद करायला लावल्या.

रऊफ येऊन उभा होता. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, दाजी, हा लॉट नोव्हेंबरचा आहे. तुमच्या पाया पडतो. झाडणीत काही गेलं असेल तर आत्ता बोला.

हाजी आमच्याकडे बघत होते. सबरी बघत होता. मादाम ऐदा बघत होत्या.

मी म्हटलं, यादी पूर्ण आहे.

गाड्या यादीप्रमाणे निघाल्या. संध्याकाळपर्यंत यादीतल्या सगळ्या फार्मसींतून बाटल्या परत. हाजींनी माझा खांदा थोपटला आणि स्वतःच्या हातानं खजूर दिला. मागे फोनवर कोणीतरी बोलत होतं. रऊफ होता. मादाम ऐदांच्या टेबलावर बसून एकेका फार्मसीला फोन लावत होता. मादाम ऐदा नंबर सांगत होत्या. दोघांनी रोजा पाण्यावर सोडला होता.

माझ्यावरचा अविश्वास इतक्या उघडपणे दाखवायला नको होता. घरी निघून आलो.

सोमवार, १९ जानेवारी
अगमीच्या डॉक्टर नागींच्या फार्मसीत त्या लॉटच्या सहा बाटल्या होत्या. माझ्या यादीत ते नव्हते. रऊफचा फोन त्यांना काल रात्री लागला. पाच बाटल्या त्यांनी लगेच काढून ठेवल्या. सहावी दुपारीच विकली होती.

मुलगी चार वर्षांची. नाव लुब्ना. रात्री आईनं दोन चमचे दिले. सकाळी उठेना.

हॉस्पिटलमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, वाचेल. बहुतेक.

वीज खात्याला सविस्तर पत्र लिहिणार आहे. नोव्हेंबरात लाइट एकदाच जाऊन राहिले असते तर काही झालं नसतं. ते गेले, आले, गेले, आले. कुठलंही सॉफ्टवेअर यात टिकणार नाही.

(पत्र लिहायला बसलो. ‘महोदय’च्या पुढे गेलं नाही.)

मंगळवार, २० जानेवारी
हॉस्पिटलमध्ये गेलो. जायलाच पाहिजे असं काही नव्हतं. गेलो.

मुलीचा बाप व्हरांड्यात बाकावर बसला होता. नाव मितवल्ली. अगमीची मायक्रोबस चालवतो. मला बघून उठला. त्याला वाटलं, मी औषधकंपनीचा कोणी डॉक्टर आहे. कोट घातला होता म्हणून असेल. म्हणाला, डॉक्टरसाहेब, दुपारी तिनं डोळे उघडले. पाणी मागितलं. माझ्या बायकोचं नाव घेऊन हाक मारली, आई नाही म्हणाली, नावानं हाक मारली, हो की नाही ग, असं त्यानं आत बसलेल्या बायकोला ओरडून विचारलं आणि एकटाच हसायला लागला.

मग म्हणाला, परवा गोदामातून कोणी रऊफ नावाचा माणूस फोन करत होता म्हणून डॉक्टर नागींनी रात्रभर फिरून पहाटे आमचं घर शोधून काढलं. नाहीतर आम्ही सकाळी आणखी दोन चमचे दिले असते. खोकला थांबला होता ना, आम्हाला वाटलं औषध लागू पडतंय. त्या माणसाला देव सुखी ठेवो. तुम्ही ओळखता त्याला?

म्हटलं, ओळखतो.

तेवढ्यात अजान झाली. त्यानं पिशवीतून खजूर काढले. पहिला मला दिला. मग अर्धी भाकर आणि घेवड्याची उसळ. मी नको म्हटलं तर म्हणाला, वा, रोजा सोडायच्या वेळी माझ्या शेजारी बसून उपाशी राहणार? असं कुठे असतं का? आणि घास माझ्या हातात कोंबला.

खाल्ला.

मी कोण ते सांगणार होतो. पण तांत्रिक विषय आहे, सूच्या, इंडेक्स, त्या माणसाला त्या वेळी काय समजणार? नंतर कधीतरी सांगीन. बसस्टॉपपर्यंत आलो आणि मायक्रोबसमध्ये बसावंसं वाटेना. चालत आलो. लांब आहे.

गुरुवार, २२ जानेवारी
हाजींनी बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

म्हणाले, झाडणीनंतर मी तुम्हाला विचारलं होतं, सगळं आलं का. तुम्ही काय म्हणालात?

मी वीज खात्याबद्दल बोललो. रेकॉर्ड मॅनेजरच्या मर्यादा आणि बलस्थानं समजावून दिली. बोलता बोलता लक्षात आलं की मादाम ऐदा दारात उभ्या आहेत आणि त्यांचे डोळे लाल आहेत.

हाजी म्हणाले, मशीन चुकलं, त्याचं मला काही नाही. मशीन आहे. मला तुमच्याकडून एवढंच हवं होतं, की हाजी, थोडी बिलं गेली आहेत. चार शब्द. त्याच्यावर मी सगळ्यांना फोन केले असते.

मी म्हटलं, जवळजवळ सगळी आली होती.

ते म्हणाले, बरं. रऊफचं जे काही आहे ते आता बसवू. तुम्ही सध्या येऊ नका.

शुक्रवार, ३० जानेवारी
ईद. इब्तिसाम सकाळीच मुलांना घेऊन आईकडे गेली. मला ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. बिस्किटांचा डबा अर्धा ठेवून गेली. त्यावरून मी असं समजतो की रात्री परत येईल.

आली. रऊफकडून सगळं कळलंय हे तिच्या चपला काढण्यावरून समजलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी
रऊफचा फोन. जुनी बिलं नव्या डेटाबेसमध्ये न्यायची आहेत. बर्कच्या फाइलींची मांडणी फक्त मला माहीत. येता का, दाजी? अगदी नेहमीच्या आवाजात. गेलो.

त्यानं फाइल लावली. डेटाबेसनं बिलं घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच नकार दिला. एक बिल, फार्मसीच नाही. नाकारलं. एक बिल, औषधाची ओळ नाही. नाकारलं. पडद्यावर नकारांची रांग खाली सरकत गेली, थांबेचना. मी म्हटलं, फारच कडक आहे तुझा डेटाबेस. रऊफ म्हणाला, हो. आणि मग त्यानं पडदा माझ्यापासून जरा पलीकडे वळवला. मला दिसू नये म्हणून.

त्याबद्दल त्याला काही म्हणावं असं वाटलं. पुढची फाइल त्याला काढून दिली.

नवी सिस्टिम मात्र बिल काढायला बर्कपेक्षा हळू आहे. हे नोंदवून ठेवतो.

मंगळवार, १० मार्च
नवं पान, नवा माणूस. गेले तीन आठवडे रिलेशनल डेटाबेसचा अभ्यास केला. मी मुळात त्याच विचारांचा होतो, परिस्थितीनं बर्ककडे ढकललं. आता तडजोड नाही. जे काही करायचं ते रिलेशनलच.

गिऱ्हाईक मिळालं. डॉक्टर मुफीदा, दातांच्या. आमच्याच गल्लीत दवाखाना. एकट्याच बघतात. पेशंटची जुनी कार्डं कॉम्प्युटरवर हवीत. मी दोन तास बोललो. सोळा तक्ते. पेशंट एका तक्त्यात, दात दुसऱ्यात, कारण एका पेशंटला अनेक दात असतात. सर्व्हर वेगळा. लाइट गेले तरी चालणारी बॅटरी. उद्या कोणी विचारलं की गेल्या वर्षी खालच्या डाव्या दाढा किती निघाल्या, तर एका ओळीत उत्तर.

त्या म्हणाल्या, असं कोण विचारणार आहे?

मी म्हटलं, डॉक्टर, हाच प्रश्न घातक असतो.

त्यांनी विचारलं, नाव टाकलं की कार्ड येईल? म्हटलं, नक्की. साधारण चार महिन्यांत.

मंगळवार, २४ मार्च
डॉक्टर मुफीदांनी काम रऊफला दिलं. तो दाढ दाखवायला गेला होता, त्यांनी विचारलं, त्यानं ऐकून घेतलं आणि आठवड्यात करून दिलं. कशात? साध्या रेकॉर्ड मॅनेजरमध्ये.

मी तडक त्याच्याकडे. म्हटलं, अरे, तू? रेकॉर्ड मॅनेजर? इतके महिने माझं डोकं खाल्लंस! तो म्हणाला, दाजी, त्या एकट्या आहेत. नाव टाकायचं, कार्ड बघायचं, एवढंच त्यांना हवंय. त्याला सोळा तक्ते कशाला? मी म्हटलं, मग तत्त्व काय तुझं? तो म्हणाला, तत्त्व कसलं, मी त्यांना विचारलं काय हवंय ते.

मग थोडं थांबून म्हणाला, त्यांची जुनी कार्डं टाइप करायला माणूस पाहिजे. मला वेळ नाही. तुम्ही बसाल का?

मी म्हटलं, सल्लागार म्हणून बसेन. तो म्हणाला, हो, सल्लागार म्हणून. हसला नाही. हसला असता तर मी गेलो नसतो.

गुरुवार, २ एप्रिल
टायपिंग. खोकीच्या खोकी कार्डं. डॉक्टर मुफीदांचं अक्षर डॉक्टरांचंच आहे. बाजूला ड्रिल चालू. एक पोरगा दिवसभर ओरडत होता.

नाव टाकलं की कार्ड लगेच येतं. मी बऱ्याचदा करून बघितलं. येतंच. दुपारी लाइट गेले होते. आल्यावर तपासलं तर एक कार्ड गायब. डॉक्टर खुर्चीवरच्या पेशंटच्या तोंडात वाकल्या होत्या, त्यांना कळलंही नसतं. जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुन्हा टाका. एवढंच. पुन्हा टाकलं.

घरी आलो. इब्तिसाम पोरांचा अभ्यास घेत होती. बऱ्याच दिवसांनी तिनं आपण होऊन विचारलं, झालं का काम? मी ‘जवळजवळ’ म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

म्हटलं, नाही. पुष्कळ राहिलंय. पाठ मोडली.

तिनं माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, हात धुऊन ये, डाळ गार होतेय.